चष्मा पुसायची जागा

३ जुलै
मुख्याध्यापिका हो म्हणाल्या. शनिवारचा शेवटचा तास माझा. पाचवी-सहावीच्या मुलांना चारचौघांत भाषण करायला शिकवायचं, आणि तेही समाजाच्या कामासाठी. महिनाअखेरीस रस्ते खात्याचे साहेब शाळेत येणार आहेत, त्यांच्यासमोर मुलं बोलतील. विषय मुलांनीच निवडायचा. मी मधे पडणार नाही, हा निश्चय.
वाचनालयातून वक्तृत्वाचं पुस्तक आणलं. हातवाऱ्यांचं प्रकरण कोणीतरी फाडून नेलंय.

६ जुलै, शनिवार
मुलांनी विषय निवडला: मुलींच्या संडासाला कडी नाही. म्हटलं, छान आहे, पण साहेब रस्त्यांचे आहेत. रस्त्याचं काही सुचतंय का? नाही सुचलं. शेवटी मीच फळ्यावर लिहिलं, ‘शाळेच्या फाटकासमोर स्पीडब्रेकर हवा.’ सगळ्यांनी हात वर केले. म्हणजे विषय मुलांचाच.
हे तिथेच गेले, गेल्या वर्षी, दूध आणायला निघाले असताना. त्याचा इथे काही संबंध नाही. मुलांना सांगितलेलंही नाही.

१३ जुलै, शनिवार
भाषण मीच लिहून दिलं, नुसती मदत म्हणून. एका मुलाला सगळे तोफ म्हणतात, ते बरोबरच आहे. एक मुलगी आहे, कुजबुज. तिचं बोलणं तिच्या फ्रॉकच्या पहिल्या बटणापर्यंत पोचतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिला स्टेजवर नको. मी तिला वक्ता करून दाखवणार.
‘याच रस्त्यावर एका गृहस्थांना गाडीने उडवलं’ हे वाक्य म्हणून दाखवताना डोळ्यांत धूळ गेली. थांबले, चष्मा पुसला, पुढे गेले. वर्गात खडू फार उडतो.
शाळेत मागच्या गल्लीने वळसा घालून जाते. चालणं होतं. डॉक्टरांनीच सांगितलंय.

२० जुलै, शनिवार
तोफेचा घसा बसला. कुजबुज दुसऱ्या बटणावर घसरली. आमचा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, कशाला दगदग करतेस? अर्ज देऊन झालेत ना सगळे.” अर्ज वेगळा, भाषण वेगळं. अर्जाला कोणी टाळ्या वाजवत नाही.
पण याने नाही झालं, तर पुढे काय करायचं ते मला खरंच माहीत नाही.
धूळ आजही होती. त्याच वाक्याला.

२७ जुलै, शनिवार
रंगीत तालीम. जो तो त्या वाक्याला थांबला, डोळ्यांवरून काहीतरी काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, परत चढवलं. वर्गात चष्मा एकालाच आहे. विचारलं, हे काय? तोफ घोगऱ्या आवाजात म्हणाला, “बाई, तुम्हीच शिकवलंत. तिथे चष्मा पुसायचा.”
सोडून द्या म्हणून सांगितलं. सोडतील.

३० जुलै
सोडलं नाही. पहिल्या मुलाला लोक हसले, तिसऱ्याला साहेबही. मग साहेबांनी हसू आवरत विचारलं, फाटकासमोरचा रस्ता लांबलचक आहे, स्पीडब्रेकर नेमका कुठे टाकायचा? भाषणात ते नव्हतं. मुलांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. दोनच वाक्यं बोलायची होती. पहिल्याच शब्दाला थांबले, हात चष्म्याकडे गेला, आणि स्टेजवरच्या सगळ्या मुलांनी आपापले चष्मे पुसले. हॉल हसून लोटपोट.
खाली हॉलच्या पहिल्या रांगेतून, माइकशिवाय, कुजबुज म्हणाली, “विजेच्या खांबापाशी. बाई तिथून येत नाहीत. मागून येतात.”
साहेब वाकून ऐकत होते. त्यांचं हसू गेलं. मागे कोणाला ऐकू गेलं नसावं. तिच्या आवाजावर अजून मेहनत हवी.

५ ऑगस्ट
संडासाला कडी बसली. कुजबुजने म्हणे मुख्याध्यापिकांच्या कानात सांगितलं. भाषण नाही, काही नाही.
रस्त्यावरही माणसं आली. टेप धरून मापं घेतली, खांबापाशी चुन्याची रेघ ओढली. काम कधी, ते त्यांना माहीत नाही.
म्हटलं, आता सरळच जाऊ. खांबापर्यंत गेले. पलीकडे फाटकात कुजबुज उभी होती. हात पुढे करून काहीतरी म्हणाली. मधे गाड्या, मला ऐकू आलं नाही.
मागच्या गल्लीने गेले. चालणं झालं.