अकरावं पाऊल

मास्तर, त्या गाण्यात मी नव्हतो. गुलमंडीच्या हॉटेलात रेडिओवर जे लागलं आणि ज्यातल्या सॅक्सोफोनसाठी तुम्ही मला रागावलात, त्या गाण्यात. हे एवढंसं वाक्य लिहायला मी आज दोनदा चहा गार केला. आता लिहिलंच आहे, तर सगळंच लिहितो.

पोलीस ॲक्शननंतर निजामाची पलटण मोडली, तिच्याबरोबर तुम्ही वाजवायचात तो पलटणीचा बँडही गेला, आणि तुम्ही वरातीचा बँड उभा केलात. मी फुलंब्रीकडचा, शेत भावावर टाकून आलेला, मिशा राखणारा गडी. तुमच्याकडे बसून शिकणं हा प्रकारच नव्हता. गुलमंडीपासून पैठण गेटापर्यंत चालत वाजवायचं, सोळा पावलांना एक श्वास. मध्ये सायकल येवो, म्हैस येवो, नवऱ्याचा मामा नाचत अंगावर येवो, सोळाच्या आत दम तोडायचा नाही. तोडला की तुम्ही मागून येऊन पाठीवर दोन बोटं टेकवायचात, बस. त्या दोन बोटांची मला लई धास्ती होती.

मुंबईला जातो म्हणालो ते नेमकं लग्नसराईच्या तोंडावर. तिसऱ्या दिवशी तुमचा स्वतःचा सॅक्सोफोन, पलटणीच्या लिलावातून सोडवून आणलेला, पेटीसकट माझ्या मांडीवर ठेवलात आणि स्वतः ढोल गळ्यात अडकवलात. म्हणालात, "जा तू. पण मला इथं ऐकू आलं पाह्यजे." त्या एका वाक्यापायी पुढचं सगळं झालं.

पहिल्याच रेकॉर्डिंगला काचेमागचा माणूस बाहेर आला आणि विचारू लागला की गाणं चालू असताना हा कोण फिरतोय. फिरत कोणी नव्हतं, माझे पाय जागच्या जागी वरात चालवत होते. मला चपला काढायला लावल्या, पायाखाली टॉवेल घातला, सगळे वादक पोट धरून हसले. संध्याकाळी एका हॉटेलात गोव्याच्या मंडळींबरोबर जॅझ वाजवायचो. कागदावर नसलेलं, आपल्याला त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं, ही चैन मला तिथं कळली. पण गाण्यांमध्ये मी मागच्या रांगेत. चौघांनी मिळून गायिकेच्या मागे एकच लांब सूर धरायचा. तबकडीवर वादकांची नावं नसतात. दोन वर्षं वाजवून तुम्हाला ऐकू जाईल असं माझं काहीही नव्हतं.

सुट्टीला आलो, तुम्ही मला हॉटेलात घेऊन गेलात, आणि ते गाणं लागलं. मध्येच सॅक्सोफोन एकटा वर आला. तुमचा चेहरा उजळला. "हा तूच ना रे?" तुम्ही विचारलंत. तुमचं वाद्य माझ्याकडे, ढोलाच्या पट्ट्याचा वळ तुमच्या मानेवर. मी होय म्हणून मान हलवली. तुम्ही टेबलावर बोटांनी पावलं मोजायला लागलात आणि अकराव्याला थांबलात. "दम का तोडला? रस्त्यानं चालताना तोडत नव्हतास, खुर्चीत बसून तोडतोस व्हय?" दुसऱ्या कुणाच्या श्वासाची बोलणी मी खाली मान घालून खाल्ली. मग तुम्ही माझा चहा मागवलात आणि हॉटेलभर सांगत सुटलात की हा आपला पोरगा आहे. तो चहा मी तसाच गार होऊ दिला.

परत गेल्यावर मी वेड्यासारखा सरावाच्या मागे लागलो. चाळीच्या गच्चीवर रोज सकाळी सोळा पावलं, मग वीस. वर्षाच्या आत खरोखरच एका गाण्यात एकट्याचा तुकडा मिळाला. संगीत लिहिणाऱ्यानं मध्ये श्वासाची खूण करून दिली होती. मी तिथं श्वास घेतला नाही. तो म्हणाला, असंच राहू दे. ते गाणं रेडिओवर यायच्या आधी, त्याच हिवाळ्यात, तुम्ही गेलात. पुढे तीस वर्षं मी किती गाण्यांत वाजवलं ते मलाही आठवत नाही, पण श्वास मी कायम तुमच्या हिशेबानं घेतला. खोट्यानं माझं भलंच केलं, याची लाज वाटते आणि आनंदही होतो.

आता मी पुंडलिकनगरात राहतो. दर रविवारी फुलंब्रीहून एक नर्सबाई आपला सॅक्सोफोन घेऊन एसटीनं शिकायला येतात. चाळिशीच्या आहेत, पहिल्या दिवशी म्हणाल्या, दुसऱ्यांचा दम मोजून कंटाळले. गेल्या रविवारी शेजारच्या घरात ते गुलमंडीच्या हॉटेलातलं गाणं लागलं. "सर, हे तुम्हीच ना? सगळी गल्ली सांगते." आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, "मग तुमचं कोणतं हाय?" मी वाद्य उचललं आणि त्यांना म्हणालो, मागून वाजवत या. आम्ही दोघं गल्लीत उतरलो.

हा कागद तुमच्या सॅक्सोफोनच्या पेटीतच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? एक मात्र राहिलं. त्या दिवशी गल्लीत माझा दम अकराव्या पावलावर तुटला. पाठीवर बोटं कोणी टेकवली नाहीत. मी बाजूला झालो, आणि बाई वाजवत पुढे गेल्या.