जिनिंगच्या पानावरचे मराठी आकडे

बाबा, तुमची ती थापड मला अजून आठवते. आर्णीच्या जिनिंगवर तुम्ही फिटर, मी पाचवीत. रोलरखालून सरकी कशी पडते ते पाहायला मी बोट पुढं केलं, आणि तुम्ही असं हाणलं की मी कापसाच्या ढिगात जाऊन पडले. "आण तो हात," तुम्ही म्हणाले, "मीच तोडतो, मशीनले कायले तरास." एकदा एकानं मशीन चालू असतानाच कापूस ओढला, तर तुम्ही त्याला पाना फेकून मारला. भुवई फाटली त्याची. तेव्हापासून ओरडणारं काहीच मला सहन होत नाही. तुमचाही राग यायचा.

तुम्ही गेले, मग बोंडअळीची सालं आली. जिनिंग आता दोन महिने चालते, बाकी कुलूप. जुने फिटर पांगले, दर सीझनला नवी माणसं. म्हणून आम्ही चौघा मित्रमैत्रिणींनी जिनिंगच्या दुरुस्तीच्या नोंदींचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवलं, सोबत मराठीत सूचनांची पानं. मी तर येडीच झालते त्याच्यासाठी. पानं साध्या टेक्स्टमध्ये लिहायची, त्यात कोणती खूण म्हणजे हेडिंग, कोणती म्हणजे इशारा, हे आधी ठरवायचं होतं. आमच्यातला केळापूरचा मित्र म्हणे, खुणांची रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाची पद्धत घेऊ, त्यात इशाऱ्याला वेगळी चौकट आहे, अन् खूण चुकली की ते बोंबलते. मला बोंबलणारं नकोच होतं. मार्कडाउन ही दुसरी पद्धत सोपी, गुमान सगळं चालवून घेते. आम्ही इतके भांडलो की मी त्याच्या अंगावर गरम चहा फेकला. त्याचा गळा भाजला, आणि मी जिंकले.

अडकलेला कापूस काढायचं पान मीच लिहिलं. हौसेनं आकडे मराठीत टाकले. मार्कडाउनला मराठी आकड्यांची यादी कळतच नाही. सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच मोठा परिच्छेद झाला, आणि मी शेवटी लिहिलेला 'आधी मेन स्विच बंद करा' हा इशारा त्याच्या तळाशी बुडून गेला. पान तसंच छापून जिनिंगवर गेलं, मी ते एकदा उघडूनही पाहिलं नाही.

एक नवीन माणूस त्या पानावर बोट ठेवून वाचत होता. 'हातानं काढा' इथपर्यंत आला आणि त्यानं हात घातला. रोलरनं तीन बोटं नेली, चौथं कातडीला लोंबत होतं. सरकी लाल झाली. तो कापूस तसाच दाबून गठाणीत बांधला गेला म्हणे.

मी यवतमाळला दवाखान्यात गेलते. त्याला म्हटलं, मी जुन्या फिटरची पोरगी. बँडेजकडं पाहत तो म्हणाला, "ज्यानं ते लिवलं ना बाई, तो भेटू दे फक्त. त्याचा हात मी सोता घालतो रोलरमंदी." त्याची बायको म्हणाली, गप राहा ना जी, या पोरीसमोर काय बोलून राह्यले.

मी म्हटलं, "घालाच."

घरी येऊन पान दुरुस्त केलं, इशारा सगळ्यात वर आणला. बदलाचं कारण विचारतात तिथं लिहिलं, 'फॉर्मॅटिंग'. त्याच्यापुढं नाव माझंच आहे, कोणालाही दिसते. तो माणूस तिथं कधी पाहणार नाही, हे मला माहीत आहे.