आवाज न करणारा कॉम्प्युटर

रविवार, संध्याकाळ

माझ्या सोयरिकीला आलेल्या पावण्यांसमोर काका म्हणाले होते, "ह्यो नुसता आवाज करतोय, काम काय न्हाय." सोयरीक मोडली. आता त्यांनाच माझ्याकडून बिनआवाजाचा कॉम्प्युटर पाहिजे होता. दिला जोडून! पंखा असा, की कानाला कळत नाही. चालू असल्याचा दिवा मात्र मुद्दाम जोडला नाही. चुकलं का? छे.

आज त्यांच्याकडं पावणं आलेले. काकांनी दाखवायला बटण दाबलं. आवाज नाही, दिवा नाही, म्हणून पडद्यावर काही यायच्या आतच परत दाबलं, आणि चालू होणारा बंद केला. असं कितीदा तरी. शेवटी मला फोन, "आरं, आवाजच येईना की ह्येचा!"

म्हटलं, "काका, काम करणारा आवाज करत न्हाय."

फोन स्पीकरवर होता. पावणं हसलेले मला इथवर ऐकू आले.