वेंगागुड्याचा पहाड कोणाचा

वेंगागुडा, ता. अहेरी
दि. १२ नोव्हेंबर २०२५

श्रीयुत सुरजभाऊ, स्थानिक समन्वयक साहेब, यांना रंजीताचा सेवा जोहार.

इकडे सगळं ठीक आहे. धान कापून खळ्यावर आलं, मळणी बाकी आहे. थंडीनं तुझ्या आईचा गुडघा पुन्हा धरला, तरी रोज सरपणाला जातेच. लटारूभाऊंनी नवा चष्मा केला. तो लावून ते ग्रामसभेत अध्यक्षाच्या जागी बसतात, वाचत मात्र काही नाहीत. तुला मुंबईचं पाणी मानवलेलं दिसतं, फोटोत गाल वर आलेत.

पत्र कशाला, असं वाटेल. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस. शिवाय तुमच्या कंपनीनं मला नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवली होती, तेव्हा म्हटलं, आपणही त्याच वाटेनं जावं. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय नाही.

आधी तुझ्या कामाचं. ‘काळ्या पहाडाची लेक’ मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या शूटिंगसाठी तुमचा अर्ज आला होता. तळं, पहाड आणि गोटूलसमोरचं मैदान, वीस दिवसांसाठी. रविवारी ग्रामसभा झाली. परवानगी मिळाली नाही. गावाची इच्छा नव्हती, असं समज.

आता माझं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. रागावलेल्या माणसाला मधूनच सुरू करता येत नाही.

मालिकेचा पहिला भाग इथं झाला तेव्हा आपण दोघं गडचिरोलीला पॉलिटेक्निकला होतो. टीव्हीत आपला पहाड पहिल्यांदा दिसला तेव्हा अख्खं गाव सभेला जमतं तसं गोटूलमध्ये बसलं होतं. वनरक्षक बिजली आपल्या तळ्यात पाय धूत होती आणि मागे लटारूभाऊंचा बैल उभा होता. लोकांनी बिजली सोडून बैलच पाहिला. दुसऱ्या दिवशी तू वहीत बिजली काढलीस आणि मी म्हटलं, हिचा मोबाइलवर गेम करू. त्याला तीन वर्षं लागली. चित्रं तुझी, कोडिंग माझं, आवाज गावाचे. आपली बिजली मराठीही बोलायची आणि गोंडीही. मालिकेतल्या बिजलीला गोंडीचा एक शब्द येत नव्हता. गेम आपण फुकट ठेवला आणि अकरा हजार लोकांनी घेतला. तू मैदानात नाचला होतास, आठवतं का?

परवानगी घ्यायला हवी हे आपल्याला कळत होतं. म्हणून तर घेतली. ज्यांचा पहाड त्यांना विचारायचं, हीच आपली रीत. बांबू तोडायचा तर ग्रामसभा, तेंदूपान तोडायचं तर ग्रामसभा, मालिकावाल्यांनाही शूटिंगआधी ग्रामसभेसमोर बसावं लागलं होतं. मग त्यांच्या मालिकेवरून गेम करायला ग्रामसभाच परवानगी देणार, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. ठराव क्रमांक नऊ, खाली एक्केचाळीस सह्या आणि अंगठे, वर गोल शिक्का. मजकूर तूच सांगितला होतास, मी फक्त लिहिला.

नोटीस आली तेव्हा मी तोच ठराव मोठ्या ऐटीत पाठवला. वकिलाचं उत्तर दोन ओळींचं होतं. सदर मालिकेचे हक्क सदर ग्रामसभेकडे नाहीत, सात दिवसांत गेम काढून टाकावा. ते लिहिताना तो किती हसला असेल ते मी मनात पुष्कळदा पाहिलं आहे. आजही पाहते.

तरी मी भांडले नाही. बिजलीचं नाव बदललं, गणवेश बदलला, टायटलचं गाणं काढून प्रफुलचा ढोल टाकला. रीतसर परवानगीही मागितली, तर नोंदणी असलेल्या कंपनीलाच ती मिळते म्हणाले. मग दुसरी नोटीस आली. गेममधला पहाड आणि तळं मालिकेतल्या पहाडाशी आणि तळ्याशी जुळतात, म्हणून तेही काढावं. सुरज, मी ते वाक्य वाचलं आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले. पहाड होता तिथेच होता. माझ्या घरामागचा पहाड मी दाखवला तर ती चोरी, आणि त्यांनी कॅमेऱ्यात भरून नेला तर तो त्यांचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पंधरवड्यात गेम मोबाइलवरून गेला. तीन वर्षांचं काम आता माझ्या लॅपटॉपमध्ये पडून आहे आणि ते कोणाला दाखवायचीही मला मनाई आहे.

इथपर्यंतचा राग कंपनीवरचा. पुढचा तुझ्यावरचा.

पहिल्या नोटिशीत काय काय चोरलं त्याची यादी होती. त्यात सहावी बाब अशी: मोहाच्या झाडाला सलग सात वेळा हात लावला की बिजली टायटलच्या गाण्यावर नाचते. हा नाच आपण गंमत म्हणून लपवला होता. गावात कोणाला सांगितला नव्हता, आणि अकरा हजारांतल्या एकालाही तो सापडला नव्हता. तो दोघांना माहीत होता. मी काही नोटीस लिहिली नाही.

नोटिशीवरची तारीख जूनमधली आहे. जुलैत तुझी नोकरी पक्की झाली म्हणून तुझ्या आईनं गावात गूळ वाटला. मीही खाल्ला.

वर मी एक खोटं लिहिलं. गावाची इच्छा नव्हती, असं लिहिलं. गावाची इच्छा होती. वीस दिवसांचं काम कोणाला नको? रोशननं तर जेवणाचा मांडव कुठं टाकायचा तेही ठरवून ठेवलं होतं. पण आपल्या सभेत हात मोजत नाहीत, हे मुंबईला जाऊन तू विसरला नसशील. सगळ्यांचं हो असेल तरच ठराव होतो. एकाचं जरी नाही असलं तर तो थांबतो. ते एक नाही माझं होतं.

लटारूभाऊंनी चष्मा काढून विचारलं, “कारण सांग, बाई.”

मी म्हटलं, “कारण मले माईत हाय. आज सांगत नाई.”

तेव्हापासून गावात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. नळावर गेले की बायका गप्प होतात. रोशन तर म्हणाला की रंजीता शिकली आणि वाकडी झाली. होऊ दे. मी वाकडीच बरी.

सोमवारी तुझी आई आली. ओसरीवर बसली, गुडघा चोळत म्हणाली, “बाई, तुह्या एका नाईपायी माह्या पोराची नोकरी जाते. काऊन अडून बसली?” मला तेव्हाच सगळं सांगून टाकता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते. मग तिनं दुसरंच काढलं. गेममधल्या बिजलीच्या आईचा आवाज तिचा. तू मुंबईला गेल्यापासून संध्याकाळी ती माझ्याकडे यायची आणि “बिजली, घरी ये” हे स्वतःचंच गोंडी वाक्य ऐकून हसायची. आता म्हणाली, “माहा आवाज कोणं पुसला, त्याचं नाव त सांग मले.” मी म्हटलं, कंपनीनं.

‘कंपनीनं’ असं म्हटलं ते तुझ्यासाठी नाही. तिच्यासाठीही नाही. पुढचं माझ्या हातात राहावं म्हणून म्हटलं. तुझा मला एवढा राग आला आहे की त्यातला थोडासुद्धा घाईत वाया घालवायचा नाही.

पुढची ग्रामसभा रविवारी, तेवीस तारखेला आहे. तू ये. गोटूलमध्ये सगळ्यांसारखा खाली बस, मग उभा राहा आणि कंपनीला गेमचं कोणी सांगितलं ते स्वतःच्या तोंडानं सांग. तेवढं केलंस तर माझं नाही मी तिथल्या तिथे मागं घेईन. इथं लिहून देते.

पण त्यानं तुझा ठराव होईल असं समजू नकोस, सुऱ्या. लटारूभाऊ एकेकाला विचारत जातील. रोशन हो म्हणेल, प्रफुल हो म्हणेल. मग तुझ्या आईची पाळी येईल. तिच्याही एका नाहीनं ठराव थांबतो. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. ते तिच्यासमोर उभं राहून ऐकायचं. ही शिक्षा सुचली त्या दिवशी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी तिच्या शेजारी बसणार आहे.

तेवीस तारखेपर्यंत गप्प असलेली,
रंजीता