अर्जाची मागची बाजू

कोचाबाम्बा, गुरुवार, १४ मार्च १९९६
सकाळचे सव्वाअकरा

ती. नासारियाताईस,
धाकट्या सेनोबिओचा शि. सा. न. वि. वि.

किय्याकोयोला जाणाऱ्या बसच्या दारावर गावाचे नाव रंगवत होतो. निम्मी अक्षरे झाली होती. तेवढ्यात छातीत एक ठोका चुकला आणि मागोमाग दोन घाईने पडले, उतरणीवर पाय घसरून सावरावे तसे. ब्रश खाली ठेवून नाडी मोजली. मिनिटाला एकशे अठरा. वहीत नोंद केली आणि आता रंगाच्या डब्यावर बसून तुला लिहीत आहे.

मागच्या आठवड्यात तिसरा ईसीजी काढला, रक्तही तिसऱ्यांदा तपासले. डॉक्टरांचे म्हणणे तेच: भिंतीतल्या विंचुका किड्याचा, हृदय पोखरणारा रोग तुला नाही, असे जादा ठोके पुष्कळांना पडतात, कॉफी कमी कर आणि कामाला लाग. वर हसून म्हणाले की बैलाला शोभेल असे तुझे हृदय आहे. पण ताई, बाबासुद्धा बैलासारखेच होते. एकोणचाळिसाव्या वर्षी कांद्याचे पोते पाठीवर घेता घेता कोसळले, तेव्हा पोत्याचे तोंड माझ्या हातात होते. मी नऊ वर्षांचा. त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत मी आपल्या घराच्या त्याच मातीच्या भिंतीला टेकून झोपलो. आई, तू, दाजी, सगळ्यांना चावलेला किडा मला एकट्यालाच कसा सोडील? बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. चौथ्यांदा तपासून घेईन.

आमचे मालक वाल्तेरशेट म्हणतात की मरायला टेकलेला माणूस इतके कागद जपून ठेवत नाही. त्यांना सगळ्याची थट्टा सुचते.

आईचे गुडघे कसे आहेत? तुझा थकवा कमी झाला का, ते एका ओळीत कळव.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझा, सेनोबिओ

—

तिपा पाम्पा, २५ मार्च

चि. सेनोबिओस,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. आई रडली, तुझे दाजी हसले, मी दोन्ही केलं. माझ्या थकव्याचं एका ओळीत मागितलंस, पण राजा, एका ओळीत मावत नाही रे. मी दोनदा चक्कर येऊन पडले. एकदा विहिरीपाशी, एकदा चुलीपुढं. भाकरी जळाली, मी वाचले. आयकिले गावातल्या डॉक्टरनं नाडी मोजली तर छत्तीस. तुझी एकशे अठरा! वाटणी करताना कुणाचं तरी लक्ष नव्हतं बघ. तुझ्यातले थोडे मला पाठवून दे, दोघांचंही भागेल.

किड्यानं माझं हृदय पोखरलंय, असं तो म्हणाला. ठोका चालता ठेवणारी पेटी छातीत बसवली तर जगेन, नाहीतर पुढच्या कांद्यापर्यंतही भरवसा नाही. आपल्या चर्चच्या पाद्रे ओनोरियोंनी एक पेटी मिळवलीय. परदेशात कुणी तरी वारलं, त्यांच्या घरच्यांनी ती काढून गरिबांना दिली. दाजी म्हणतात, लग्नातलं पातेलंही जुनंच मिळालं होतं, अजून टिकलंय. सहा मेला तुमच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात बसवणार.

पण एक अट आहे. आधी घरच्या माणसानं रक्ताची एक पिशवी द्यायची. दाजींचं चालत नाही, आईचं चालत नाही. गावात ज्यानं ज्यानं रक्त तपासून घेतलं त्याच्यात हा रोग निघाला. इतके दिवस तू रडत रडत 'रोग नाही' असे तीन कागद जमवलेस ना? तेच कागद आता सोन्याचे झाले. आपल्या घरात निरोगी रक्त फक्त तुझ्या अंगात आहे.

आई म्हणते, बाबा पडले त्या दिवशी भीतीनं तुझा जीव अंगाबाहेर गेला आणि शेतातच राहिला. तीन शुक्रवार ती बांधावर उभी राहून तुझा जुना सदरा हलवत त्याला हाका मारत होती. सदरा सोबत पाठवलाय. न धुता उशाखाली ठेव. हसू नकोस.

तुझी वाट बघणारी,
नासारिया

—

कोचाबाम्बा, मंगळवार, ९ एप्रिल

ती. नासारियाताईस,
सेनोबिओचा शि. सा. न. वि. वि.

मी रक्त देणार. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे तुला पत्र शेवटपर्यंत वाचत बसावे लागणार नाही.

शुक्रवारी, तीन मेला, सकाळी आठ वाजता रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभा राहीन. दोनदा तिथवर चालत जाऊन आलो. खोलीपासून फाटकापर्यंत १४१२ पावले. फाटकाशी नाडी पहिल्या दिवशी १०४, दुसऱ्या दिवशी १११. एका पिशवीत जवळजवळ अर्धा लिटर रक्त जाते. माझे वजन अठ्ठावन्न किलो. उरलेल्या रक्तावर हृदय कसे चालते, हे औषधाच्या दुकानदाराला विचारले. तो म्हणाला की लोक रक्त देतात आणि खाली उतरून सारणाचा एम्पानादा खातात. पण त्या लोकांचे ठोके चुकत नसतील.

चौथी रक्ततपासणी आणि चौथा ईसीजी केला. तुझ्यासाठीच केला, कागद ताजा असावा म्हणून. काही निघाले नाही. सदरा उशाखाली आहे. आईला सांग, त्याला अजून कांद्याचा वास येतो.

तू जपून ये. गाडीत खिडकीपाशी बस.

तुझा, सेनोबिओ

—

कोचाबाम्बा, शनिवार, ४ मे
(परिचारिकेच्या हाती)

ती. नासारियाताईस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. तू वरच्या मजल्यावर आहेस आणि मी खालून पत्र पाठवतो आहे, यावरून तुला कळलेच असेल.

काल मी आठला दहा मिनिटे असतानाच पोचलो. एक अर्ज भरायला दिला. पाच प्रश्न सोपे होते. सहावा: हृदयाची काही तक्रार आहे का, असल्यास लिहा. कागदावर सही करायची असेल तर त्यात खोटे लिहू नये, असे मला वाटते. मी 'आहे' लिहिले. खाली चार ओळींची जागा होती. ती संपली. मग मी कागद उलटला. चौदा महिन्यांच्या सगळ्या नोंदी, तारीख, वेळ, आकडा, तेव्हा काय करत होतो ते, सगळे वहीतून उतरवले. पाऊण तास लागला. एकही खाडाखोड नाही.

खिडकीतल्या बाईंनी पुढची बाजू वाचली, मग मागची. म्हणाल्या की अकरा वर्षांत इतक्या सुंदर अक्षरात कुणी अर्ज भरला नाही, पण एवढे वाचल्यावर त्यांचे हात बांधले गेले. मी रक्ततपासणीचे चारही कागद पुढे केले. त्या म्हणाल्या की हे कागद किड्याबद्दल बोलतात, हृदयाबद्दल तूच लिहिलेस आणि खाली सहीही तुझीच. मग त्यांना माझी दया आली असावी. अर्ध्या तासात डॉक्टर येतील, थांबलास तर ते तुला तपासून अर्ज पास करू शकतील, असे त्या म्हणाल्या.

मी दहा मिनिटे बाकावर बसलो. मग उठून बाहेर आलो.

ताई, खरे तेच लिहितो. फाटकाबाहेर नाडी मोजली, तर शहात्तर होती. चौदा महिन्यांत इतकी कमी कधी नव्हती.

वाल्तेरशेटना रक्तासाठी विचारले. त्यांना साखर आहे.

सेनोबिओ

—

तिपा पाम्पा, १९ मे

चि. सेनोबिओस,
आशीर्वाद आहेतच, ते कुठं जायचे नाहीत.

मला घरी पाठवलं. माझी पेटी ताराता गावातल्या एका गवंड्याला बसवली. त्याचे चार मुलगे बाह्या वर करून रांगेत उभे होते. भला माणूस, जाताना माझ्या पाया पडत होता, मीच त्याला उठवलं. पाद्रे म्हणतात दुसरी पेटी येईल, कदाचित पुढच्या वर्षी. ते बोलताना माझ्याकडं बघत नव्हते.

दाजी तुझ्यावर भडकलेत. म्हणाले, त्याचे सगळे ब्रश मोडून चुलीत घालतो. तू मनावर घेऊ नकोस, त्यांना माझी भीती वाटते ती अशी बाहेर पडते. मी रागावले नाही. दोन दिवस माझी खाट खिडकीपाशी होती. शुक्रवारी फाटकाजवळ फुटपाथवर तुझी रंगानं माखलेली टोपी दिसली. मी काच वाजवली, पुष्कळ वाजवली. तू मनगट धरून घड्याळाकडं बघत होतास.

आता मी बसूनच झोपते. आडवं झालं की श्वास पुरत नाही. पाय सुजून चपलेत मावेनात, म्हणून दाजींच्या वहाणा घालते आणि घरभर शिपायासारखी फटफट करत फिरते. लेकरं हसतात.

एक मागते. एकदा येऊन जा. रक्त नको, पैसे नकोत. दाजींनी आतून सगळ्या भिंती लिंपून चुना दिला, एक फट ठेवली नाही, तरी तुझी खाट अंगणात टाकू. माझ्या हातचं शेंगदाण्याचं सूप तुला अजून एकदा पाजायचंय. उभं राहवतंय तोवर ये.

नासारिया

—

कोचाबाम्बा, रविवार, २ जून
दुपारचे साडेतीन

ती. नासारियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र सदऱ्यात गुंडाळून ठेवले आहे.

मंगळवारी मी रक्तपेढीत परत गेलो आणि या वेळी डॉक्टर येईपर्यंत बसलो. त्यांनी माझे चारही ईसीजी टेबलावर ओळीने मांडले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले. म्हणाले की हृदय चोख आहे. त्या शुक्रवारी थांबला असतास तर रक्त देऊन दुपारी रंगकामाला गेला असतास. मी तिथेच बाही वर केली. पण रक्तपेढीच्या वहीत माझ्या नावापुढे वर्षभराची नकाराची नोंद झाली आहे, आणि नियम डॉक्टरांनाही मोडता येत नाही. ते काही चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते.

तुझ्याकडे यायला आयकिलेचे तिकीट दोनदा काढले. पहिल्यांदा गाडी सुटायच्या आधी उतरलो. काल शहराबाहेरच्या नाक्यापर्यंत गेलो. तिथून पुढे सहा तास डोंगर आणि एकही दवाखाना नाही, हे मनात आले आणि ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. लोक शिव्या देत होते. एका म्हातारीने विचारले की घरी कुणी मेले आहे का. मी नाही म्हणालो. हृदय चोख आहे हे मला ठाऊक आहे, ताई. ठाऊक असून काही उपयोग होत नाही. हे लिहिताना ब्याण्णव आहे.

मी येईन असे लिहीत नाही. लिहिले तर तू वाट बघशील.

तू विचारले नाहीस, पण हिशेब तुझ्याकडे असावा म्हणून देतो.

खर्च, बोलिव्हियानोंत:
ईसीजी, चार: १६०
रक्ततपासण्या, चार: १४०
छातीचा फोटो: ५५
डॉक्टरांची फी, सात वेळा: २१०
आयकिलेची तिकिटे, दोन: ४०
एकूण ६०५. यातले तुझ्या औषधावर: काही नाही.

देणे:
वाल्तेरशेट यांची उचल: २२०
नासारियाताई: रक्ताची एक पिशवी. ३ मे १९९७ पूर्वी घेतली जाणार नाही.

सेनोबिओ