गोठ्यातली लॉरी

आबा,

ती लॉरी मला कितीला पडली, असं लोक अजून विचारतात आणि मी हसून काहीतरी आकडा सांगतो. खरी किंमत तुम्हाला ठाऊक होती. खिल्लारांची एक जोडी, आईनं माहेराहून आणलेला तांब्याचा हंडा, आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंतचं तुमचं न बोलणं. जोडी ठेकेदाराच्या दावणीला गेली, हंडा तांबटाकडं गेला आणि त्याच्या बदली तेलाच्या नळ्या आल्या. तुमच्या न बोलण्याच्या बदली काय यायचं होतं, ते मला तेव्हा दिसत नव्हतं.

सदतीस-अडतीस साल असेल. बारामतीत मोटारी होत्या त्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि सगळ्या पेट्रोलच्या. डिझेलची लॉरी मी पाहिली ती इंदापूरच्या हद्दीत, वालचंदनगरच्या वाटेवर, एका ठेकेदाराच्या बाभळीखाली. दोन पावसाळे ती तिथंच उभी होती. चाकं जमिनीत रुतलेली, बॉनेटमध्ये मुंगळे. ठेकेदाराला बैल हवे होते आणि मला लॉरी. गिरणीच्या इंजिनावर मी बारामतीत चार वर्षं काढली होती. शाळा तिसरीपर्यंतची, पण कान इंजिनिअर साहेबासारखे. पट्टा सैल झाला की मी तीन घरं पलीकडून सांगायचो. आजही माझे ड्रायव्हर म्हणतात, मालकाला इंजिनाचं दुखणं नुसतं ऐकून कळतं, आणि मी ते म्हणू देतो.

तुमच्या त्याच जोडीनं ती लॉरी इंदापुराकडून सांगवीपर्यंत ओढून आणली. ते त्यांचं आपल्या घरचं शेवटचं काम. तुम्ही दारात उभे होता. दोघांच्या पाठीवरून हात फिरवलात, लॉरीकडं पाहिलंही नाहीत, आणि आत गेलात. जोडीच्या रिकाम्या जागी, गोठ्यातच, मी लॉरी उभी केली. दुसरीकडं छप्पर नव्हतं.

मग ते बोलणं सुरू झालं, म्हणजे बंद झालं. मी भाकरी खात समोर बसलेला असायचो आणि तुम्ही आईला विचारायचा, "तुझ्या लेकाला इचार, त्या लोखंडाला कडबा टाकायचा का पेंड?"

"अवं, त्यो समूरच बसलाय की!"

"मग ऐकलं आसंल त्येनं."

मी ऐकायचो आणि मान खाली घालून कोरड्यास ओरपायचो.  बारामतीतल्या एका गुळाच्या अडत्यानं मला सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजारी लॉरी माझ्या दारात उभी दिसली, तर हंगामभर गूळ तू वाहायचा. न्हाय दिसली, तर भंगारवाला माझ्या वळखीचा हाय." लॉरी भंगारात गेली असती तर मी गिरणीत परत गेलो असतो, माझं काही अडत नव्हतं. पण जोडी देऊन घरच्या दोन बैलगाड्यांची एकच मी करून ठेवली होती, आणि त्या वयात गूळ लादून एकट्यानं रस्ता तुडवायची पाळी तुमच्यावर आली असती. हे तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं.

श्रावण गेला, भादवा गेला. मी हँडल मारून मारून खांदा उतरवून घेतला. हवा आत जाते तिथं पेटता बोळा धरला. नळ्यांतली हवा काढली. इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. आणि कान लावला की पंपाच्या पुढं नुसती शांतता. तेल पुढं सरकतच नव्हतं. दसऱ्याला तुम्ही नांगर, पाभर, जू सगळं पुजलंत. लॉरीच्या चाकापाशी कुणीतरी झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. मी समजलो आईनं ठेवलं असेल.

दुसऱ्या दिवशी तेलाची गाळणी खोलली. आत खळीसारखं काहीतरी पिवळं, चिकट, बोटाला तार सुटणारं. नाकाशी नेलं आणि अंगाची लाही झाली. करडीचं तेल! गोठ्यात माझ्याशिवाय तुम्हीच जात होता. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि या वेळी मीच आईमार्फत बोललो, "तुझ्या नवऱ्याला इचार, माझ्या लॉरीचं वाटुळं करून त्येंना काय मिळालं?"

तुम्ही चुलीपाशी बसून चहा पीत होता. बशी खाली ठेवलीत आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं पाहून बोललात.

"वाटुळं? आरं, मी पाजलंय तिला."

"काय पाजलंय?"

"तेल. सोमवारी बैलास्नी पाजत हुतो, तवा हिलाबी एक नळा. उभं जनावर आखडतं, लेका. नुसतं हँडल मारून मारून हिचा जीव घेत हुतास तू. आधी पोटात काय हाय का बघावं का न्हाय?"

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला हसू येईना. आपल्या घरी कोरड्यासाला करडीचं तेल पळीनं मोजून पडायचं, आणि त्यातलं तुम्ही दर सोमवारी बांबूच्या नळ्यानं लॉरीच्या टाकीत ओतत होता. ज्या लोखंडापायी तुमची जोडी गेली, त्या लोखंडाला. मला वाटत होतं तुम्ही रुसलात. तुम्ही रुसलाही होता. पण गोठ्यात बांधलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हे तुमच्या रुसण्यापेक्षा जुनं होतं.

मग आपण दोघं बसलो. आईनं राखेचं पाणी उकळून दिलं. टाकी, नळ्या, गाळणी, सगळं धुतलं, रॉकेलनं विसळून काढलं. तुम्ही प्रत्येक नळीत फुंकर मारून बघत होता, बासरी वाजवावी तशी. डब्यात होतं तेवढं डिझेल टाकीत ओतलं. तुम्ही विचारलंत, "आता वढायचं म्होरनं, का ढकलायचं मागनं?"

कालव्याच्या पुलाचा चढ जवळ होता. आपली उरलेली जोडी आणि शेजारच्या तात्यांची, अशा चार बैलांनी लॉरी पुलावर चढवली. तुम्ही जुवाच्या सापत्या सोडल्यात, बैल बाजूला घेतलेत आणि ओरडलात, "सोड!" मी उतारावर सोडली, गिअरात टाकली, क्लचवरचा पाय उचलला. लॉरीनं एक आचका दिला, पांढरा धूर ओकला, मग काळा, आणि सगळं शिवार दणाणलं. बैल उधळून थेट उसात घुसले. तुम्ही त्यांच्यामागं. बऱ्याच वेळानं चारी कासरे हातात घेऊन आलात. पागोट्यात पाचट अडकलेलं, धाप लागलेली. लॉरीकडं बघत एवढंच म्हणालात, "बोलली की गं."

बाजाराच्या दिवशी मी रिकामी लॉरी घेऊन पहाटे निघालो. तुम्ही गाडी जुंपून आधीच पुढं गेला होता. वाटेत मी तुम्हाला मागं टाकलं तेव्हा हॉर्न वाजवला, आणि तुम्ही बैलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटलात. बारामती दिसायला लागली आणि लॉरी बंद पडली. मी बॉनेट उघडलं. लाकडी काठीचं एक टोक पंपाला, दुसरं कानाला. ऊन चढलं. मागून तुमची गाडी आली.

"पंप ग्येला, आबा. हितं कान लावा, आतनं काय आवाजच न्हाय. आता सुट्टा पंप मुंबैलाच मिळंल."

तुम्ही कान लावला नाहीत. लॉरीभोवती एक फेरी मारलीत, मागं कुठंतरी चाबकाच्या दांड्यानं ठोकलंत, आणि येऊन गाडी सोडायला लागलात. गाडी वडाखाली, बैल लॉरीला.

"आबा, लोकं हसतील."

"तू वर बस. चाकाला हात लाव आन् मालकावानी दिस."

अडत्या दारातच होता. बैल बघून खो खो हसला. "आवं म्हातारबा, ही लॉरी म्हणायची का बैलगाडी?"

"लॉरीच हाय, शेठ. पर वाट उताराची. उताराला तेल कशापायी जाळायचं?"

तो हसायचा थांबला, तुमच्याकडं नीट बघितलं, आणि आत दिवाणजीला हाक मारली. हंगामभराचा गूळ मला मिळाला. पुढं दुसरी लॉरी आली, तिसरी आली. तुम्ही एकाही लॉरीत कधी बसला नाहीत, आणि त्या दिवसाबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाहीत, आईपाशीसुद्धा नाही.

तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही, तेव्हा हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि पोरांच्या हाती तर मुळीच लागू द्यायचं नाही. माझ्या कानांची कीर्ती त्यांनी पार दौंडापर्यंत नेली आहे. तुम्हाला मात्र ते तिथंच, दांडा ठोकताच कळलं होतं. मला संध्याकाळी कळलं. पंपाला काही झालं नव्हतं. टाकीत डिझेल नव्हतं.