दोघींच्या पायात बूट

१२ मार्च

खटपट्यास,

वहिनीचा आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत, तूही मजेत असशील. पत्रात आधी हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस. गुमान वाच.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मशीनचं विचारलं की तू अर्धा तास बोलतोस आणि तुझ्या दादाचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही.

तर आधी मशीनचंच. तुला सांगितलं होतं ना, स्टुडिओतला कॉम्प्युटर कुरकुरायला लागलाय, आणि तू पडद्यावरचं एकेक अक्षर माझ्याकडून वाचून घेऊन म्हणालास की दुसरी डिस्क मेली, काढून ठेवा, पहिलीवर चालेल. तसं चाललंय. फोटो सगळे शाबूत आहेत. पण मधे काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं.

ते मशीन बसवलंस तो रविवार आठवतो का रे? स्टुडिओ बंद, तू मागच्या खोलीत फरशीवर फतकल मारून बसलेला, स्क्रू माझ्या स्टीलच्या ताटलीत आणि बॅटरी माझ्या हातात. हात दुखला म्हटलं तर म्हणालास, उजेड डिस्कवर पाड वहिनी, माझ्या कानात काय बघतेस. दोन डिस्क कशाला विचारलं, तर म्हणालास आरसा आहे, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. आणि दोघींचं मिळून एकच कपाट, त्याच्या फळ्या सरकतात. लग्नांचा कप्पा भरला की फळी सरकवायची, नवं कपाट नको. एवढं मला कळलं. मग म्हणालास, आता बूट. मी म्हटलं बूट बाहेरच काढ, फरशी आत्ता पुसलीय. हसून हसून तुझा स्क्रू घरंगळला, तो टेबलाखाली आडवी होऊन मीच काढला.

मग समजावलंस, मशीन झोपेतून उठतं त्याला बूट म्हणतात. लोक एकाच डिस्कला बूट घालतात आणि विसरतात. ती मेली की दुसरीपाशी सगळं असतं, पण बाईला उठून चालता येत नाही. तू दोघींच्या पायात बूट घातलेस. खरं वाटावं म्हणून आधी एकीची वायर उपटलीस, मग ती जोडून, आरसा पुन्हा भरू देऊन, दुसरीची. दोन्ही वेळा मशीन शहाण्यासारखं उठलं. हे मात्र दारात छाती धरून उभे होते. तुला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसालासुद्धा सांगत होते, आमच्या धाकट्यानं केलंय. तोंडावर कौतुक करायचं म्हणजे यांच्या घराण्याला पाप. तुझंही तेच आहे, उगाच हसू नकोस.

आता मधलं. दुसरी डिस्क काढायची म्हणून यांनी स्वतःच डबा उघडला, मला हात लावू देईनात. तू डिस्कवर मुंगीच्या अक्षरात चिठ्ठ्या डकवल्यास ना, पहिली आणि दुसरी. यांनी चष्मा लावला, वाकले, मोठ्यानं वाचलं, "दुसरी." आणि उपटली. बटण दाबलं तर पडदा काळाठिक्कर. झालं, तोंडाचा पट्टा सुरू. बघ तुझ्या लाडक्याचं काम, बूट घालतो म्हणे, अनवाणीच ठेवलीय.

मी टेबलावरची डिस्क उचलली. चिठ्ठीवर पहिली लिहिलेलं. चांगली होती तीच उपटली होती, मेलेली आतच. मी ती यांच्या नाकासमोर धरली. म्हटलं, काय लिहिलंय?

"दुसरी. सांगितलं ना."

कोंबडी कशी एका डोळ्यानं बघते, तशी मान वाकडी करून बघत होते. वाचत नव्हते रे. अंदाज करत होते.

मी गुपचूप पहिली आत घातली, दुसरी काढली. मशीन उठलं. तुझ्या कामात खोट नव्हती, हे यांना तिथंच ऐकवलं. हे स्टुलावर बसले ते बसलेच.

मग माझी ट्यूब पेटली. चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवणं, उंबऱ्याला ठेच लागणं. मागच्या लग्नात नवरीचा बाप फोटोत अर्धा कापला गेला, तर त्या लोकांशी मी भांडले होते, की तुमचा माणूसच नीट उभा राहिला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढतच नेलं. काचबिंदू आहे. कडेचं गेलंय, आता मधलंही जायला लागलंय. डॉक्टर म्हणाला, गेलं ते येणार नाही, उरलेलं थेंब घालून जपा. मी विचारलं, दुसऱ्या डोळ्यावरून भरून घेता येत नाही का? तो नाही म्हणाला. मला वाटलं, डिस्कचं होतं तसं होईल.

सुरुवातीला मजेत आहोत लिहिलं ते खोडत नाही. कागद घाण होतो.

आता मुद्द्याचं. अठ्ठावीस तारखेचं लग्न यांनी घेऊन ठेवलंय आणि नाही म्हणून कळवायला तयार नाहीत. म्हणतात तू कोपराशी उभी राहा, कुठे बघायचं ते सांग. मी सांगेन रे, पण लोकांच्या लग्नात यांचं हसं झालं तर हा माणूस पुन्हा स्टुडिओ उघडणार नाही. त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर तुला म्हणाले, कॅमेऱ्याला हात लावू नकोस, तुझं काम वायरींचं, ते त्यांचं चुकलंच. एका वाक्यावर तू बॅग भरलीस, ते तुझं चुकलं. मी दोघांनाही धुणार होते, तर एक निघून गेला आणि एक मुका झाला. कुणाला धुवायचं?

नवी डिस्क आलीय, खोक्यात पडून आहे. त्यासाठी येऊ नकोस. ती मी फोनवर तुला विचारून बसवीन, नाहीतर बाजारातला कुणीही बसवील.

काल यांना सरळ विचारलं, लग्नाचं काय करायचं? बराच वेळ लेन्स पुसत बसले. मग म्हणाले, "त्याला लिही, कॅमेरा त्यानं धरायचा. मी बाजूला उभा राहीन." लेन्स खाली ठेवून म्हणाले, "येईल का?"

मी म्हटलं, मला काय विचारता, त्याला विचारा. म्हणून कागद यांच्यापुढे सरकवलाय. पेन कुठे टेकवायचं तेवढं दाखवलं, हात धरला नाही. पूर्ण नाव लिहिलं नाही, एकच शब्द लिहिला. ओळ सोडून खाली घसरलाय, पण वाचता येतो.

तुझी
वहिनी

दादा